सभेच्या आधीचा रविवार

चिंचवड स्टेशन
२१ नोव्हेंबर १९८३

प्रिय चित्रा,

दिवाळीनंतर पाठवलेलं तुझं पत्र पोचलं. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेला एकदाचं कपाट मिळालं, हे वाचून बरं वाटलं. सांगलीत पहाटे फार गारठतं म्हणतेस, तर निळा स्वेटर ट्रंकेत ठेवून देऊ नकोस, घालत जा. नेहमीप्रमाणे तुझं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. ह्यांनी चष्मा पुसला, खिडकीबाहेर बघत ऐकलं आणि शेवटी विचारलं, "एवढंच?" मी म्हटलं, "बाबांना नमस्कार लिहिलाय." ते म्हणाले, "हं." गेली तीन वर्षं तू त्यांना त्या दोन शब्दांपलीकडे काही लिहिलेलं नाहीस आणि त्यांनीही कधी तक्रार केलेली नाही. आज मात्र ते तळेगावला कामावर गेलेत, घरात मी एकटीच आहे आणि स्वयंपाक लवकर उरकून लिहायला बसले आहे. पत्र लांबेल. शाळेतून आल्यावर निवांतपणे वाच.

आधी इकडची खबर. ह्यांचं तळेगावचं काम बरं चाललंय. कारखाना छोटा आहे, ट्रान्सफॉर्मर करतात, मालक तरुण आहे आणि ह्यांना "सर" म्हणतो. पगार पूर्वीसारखा नाही, पण जेवण वेळेवर होतं आणि झोप लागते. गिरजाबाईंना तू विसरली नसशील. ह्यांच्या हाताखाली टेस्टिंगला होत्या, आपल्याकडे हळदीकुंकवाला यायच्या. त्यांनी आता आकुर्डीत शिवणाचं दुकान टाकलंय. बारीक काम करून करून डोळे गेले म्हणतात, पण काजं अजून सुंदर करतात. आणि दुसरी खबर अशी, की आपली कंपनी पुन्हा उघडणार आहे. 'आपली' म्हणायची सवय अजून जात नाही. मुंबईचे कोणी मोठे लोक मावळ सेमिकंडक्टर्स विकत घेतायत. एशियाडपासून रंगीत टीव्हीचं वेड आलंय, जो तो टीव्ही काढायला निघालाय, आणि सरकारकडून नवीन परवाना मिळायला वर्षं लागतात. आपल्या कंपनीकडे जुना परवाना आहे. यंत्रं गंजलीत, छपराला भोकं पडलीत, पण तो कागद आहे. त्या एका बातमीवर शेअर वर चढायला लागलाय.

मला तर याचं हसू येतं. भोसरीत कारखाना उभा राहिला तेव्हा तू लहान होतीस. ट्रान्झिस्टर रेडिओ तेव्हा नवे होते, आणि त्या रेडिओच्या पोटातला दाणा आपल्याकडे बनतो, याचं लोकांना केवढं अप्रूप. शेअर निघाले तेव्हा अर्जासाठी पोस्टासारखी रांग लागली. कामगारांना थोडे राखून ठेवले होते, ते ह्यांनी घेतले. मग चौऱ्याहत्तर साल आलं. महागाई, संप, त्यात सरकारने लाभांशावर बंधनं घातली आणि बाजार असा बसला की शेअरचं नाव काढलं तरी माणसं तोंड फिरवायची. आपल्या शेजारच्या दत्तोबांनी त्यांचे सगळे शेअर मिळेल त्या भावाला काढून टाकले आणि पुन्हा या जुगाराच्या वाटेला जाणार नाही म्हणून देवापुढे नारळ फोडला. मात्र कारखाना त्या वर्षी उत्तम चालला होता. हे दोन-दोन पाळ्या करत होते, माल पुरवता पुरवता नाकी नऊ येत होते. बाहेर लोक घाबरले होते आणि आत काम जोरात होतं.

ऐंशी साली बरोबर उलटं झालं. तू तेव्हा बी.एड. करत होतीस, लग्नाचं ठरलेलं, तुझं लक्ष दुसरीकडे होतं आणि ते तसंच असायला हवं होतं. म्हणून आत काय चाललं होतं ते तुला सांगते. कंपनीने जुने ट्रान्झिस्टर बंद करून सिलिकॉनची नवी लाइन टाकली होती. काचेच्या दाराची खोली, आत जाताना चपला बाहेर, डोक्याला पांढरी टोपी. गिरजाबाई सांगायच्या, पावडर लावायची नाही, गजरा घालायचा नाही, हातात काचेच्या बांगड्या नकोत, कारण एक कण उडाला तरी माल वाया. सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक सोन्याची तार जोडायची. सगळं करून माल ह्यांच्याकडे तपासणीला यायचा आणि तिथे बहुतेक फुकट जायचा. भट्टीतच काहीतरी चुकत होतं. हे पुन्हा पुन्हा वर कळवायचे. वरून उत्तर यायचं, सुधारेल. पुढे पुढे तर बाहेरून आणलेला माल पेट्यांमधून यायला लागला आणि त्यावर आपल्या कंपनीचं नाव छापून तो पुढे जायला लागला. ज्या दिवशी हे ह्यांच्या लक्षात आलं, त्या दिवशी ते जेवले नाहीत.

आणि बाहेर काय, तर दिवाळी! आकुर्डीच्या न्हाव्याच्या दुकानात पेपरातलं भावाचं पान पहिल्यांदा कोणी वाचायचं यावरून भांडणं व्हायची. आमच्या भिशीतल्या बायका साड्यांऐवजी शेअरबद्दल बोलायच्या. कोणी म्हणे लष्कराची मोठी ऑर्डर आलीय, कोणी म्हणे जपानी येणार आहेत. कोणी पाहिलेलं नव्हतं, पण ज्याने त्याने शेजाऱ्याला सांगितलेलं होतं. चौऱ्याहत्तरमध्ये देवापुढे नारळ फोडलेल्या दत्तोबांनी तर गावचं शेत विकून शेअर घेतले. आणि सगळे ह्यांना विचारायचे, "अनंतराव, तुम्ही आतले. घेऊ का?" आतल्या गोष्टी बाहेर बोलायला नोकरीत मनाई, म्हणून हे एवढंच म्हणायचे, "मी तुमच्या जागी असतो तर घेतले नसते." त्याचा परिणाम काय झाला ठाऊक आहे? लोकांनी दुप्पट घेतले. आतला माणूस नको म्हणतोय म्हणजे स्वतः गोळा करत असणार, असं ठरलं. दापोडीचे रेडिओवाले लालमहंमद तर खळखळून हसले. "क्या अनंतराव, सगळं एकटेच खाणार? आम्हाला पण थोडं राहू द्या की." पाठीवर थाप मारून गेले आणि दुसऱ्याच दिवशी बायकोच्या, कमरुन्निसाच्या, पाटल्या मोडून आले.

मी काही वेगळी नव्हते. आपलेही शेअर होते आणि घरात लग्न होतं. मी ह्यांना म्हटलं, सगळ्यांचं राहू द्या, तुम्हाला खरं ठाऊक आहे, तर आपले तरी विका.  ते म्हणाले, "पद्मा, मी विकले की ते कुणाच्या तरी पदरात पडणार. तो कोण, हे मला दिसणारही नाही. दत्तोबा असतील, लालमहंमद असेल, गिरजाबाईंचा नवरा असेल. नासलेलं आहे हे ठाऊक असताना मी ते दुसऱ्याच्या ताटात कसं वाढू?" मी म्हटलं, मग लोकांना उघड सांगा. ते म्हणाले, "तेच ठरवतोय. सभेत सांगणार. सगळ्यांना एकदम कळेल, कुणा एकाला आधी नाही." त्यांनी साहेबांना तसं कळवलंही, की येत्या सर्वसाधारण सभेत मी भागधारक म्हणून प्रश्न विचारणार आहे. लपवून काही करायचं नाही, हा त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे.

सभेला तू होतीस, त्यामुळे तिथलं मी फार लिहीत नाही. पण तुझ्या आठवणीत काय राहिलंय कोण जाणे, म्हणून मला जे दिसलं ते लिहिते. तो मांडव, ते वेफर आणि पेढ्याचे खोके, पहिल्या रांगेत फेटा बांधून बसलेले मारुतराव. कंपनीला लाकडी खोकी तेच पुरवायचे, जमिनीचे आलेले सगळे पैसे त्यांनी शेअरमध्ये घातले होते आणि सुरेंद्रचे वडील, तुझे होणारे सासरे म्हणून माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली होती. अध्यक्ष म्हणाले, नवी लाइन पूर्ण जोरात आहे. टाळ्या झाल्या. मग हे उठले. सगळं बोलले. माल फुकट जातोय, बाहेरचा माल आपला म्हणून विकला जातोय, आणि अजून वेळ आहे, भट्टी दुरुस्त करा, खोटं थांबवा.  मागून कोणीतरी ओरडलं, "भाव पाडायला आलाय!" आणि मग सगळा मांडवच उठला. मारुतराव उभे राहून म्हणाले, "खाली बसा ओ! ज्या ताटात जेवता त्यातच थुकता व्हय?" खुर्च्या सरकल्या. गिरजाबाई धावत जाऊन ह्यांच्यापुढे उभ्या राहिल्या नसत्या तर कोणीतरी हात टाकला असता.

पुढचं तू जाणतेस. ह्यांची नोकरी गेली. भाव पडला तो पडतच गेला, मग घेणाराच राहिला नाही, आणि वर्षभरात कारखान्याला कुलूप लागलं. लोक म्हणाले, चांगली चाललेली कंपनी एका माणसाने बुडवली. जिन्यात समोर आले तरी बोलत नसत. फक्त लालमहंमद घरी आले होते. आता तेही शिव्या देणार म्हणून मी दारातच उभी राहिले. ते म्हणाले, "वहिनी, पाणी द्या. अनंतराव तर नको म्हणले होते. आम्हीच ऐकलं नाही." आणि ह्यांच्याशेजारी बसून राहिले.  निघताना म्हणाले, "काम मिळेपर्यंत दुकानात येत जा. दोन टीव्ही तुम्ही खोला, दोन मी." तळेगावची नोकरी लागेपर्यंत ह्यांनी तेच केलं.

आणि सभेनंतर चारच दिवसांनी मध्यस्थ येऊन सांगून गेला की मारुतरावांकडून नकार आहे. तू ह्यांच्यासमोर उभी राहून विचारलंस, "बाबा, लग्न होईपर्यंत तरी गप्प बसता आलं नसतं?" ते म्हणाले, "नाही, बाळा." तू बॅग भरलीस. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच विचारलं असतं.

पण चित्रा, सुरेंद्रचा नकार सभेमुळे आलेला नव्हता. तो सभेच्या आधीच आला होता.

सभेच्या आधीच्या रविवारी तू मावशीबरोबर पुण्याला साड्या बघायला गेली होतीस. दुपारी चारच्या सुमाराला सुरेंद्र एकटाच आला. मला वाटलं तुला भेटायला आलाय. मी हसून म्हटलं, "ती नाही रे घरात." तो म्हणाला, "मला बाबांशीच बोलायचंय." मी चहा टाकायला आत गेले. आपलं घर केवढं, सगळं ऐकू येतं. आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "तुम्ही सभेत बोलणार असं आमच्या वडिलांना कंपनीतून कळलं. खरं आहे का आत तसं?" हे म्हणाले, "ते सभेतच सांगेन." तो म्हणाला, "म्हणजे खरं आहे."  मग बँकेत कर्जाच्या अटी समजावून सांगतो ना, तशा शांत आवाजात त्याने सांगितलं, की या सभेत काही बोलू नका. महिनाभर थांबा. आमचे शेअर एकदम काढले तर भाव पडेल, थोडे थोडे काढावे लागतील. तुमचेही मीच काढून देतो, कुणाला नाव कळणार नाही. नंतर तुम्हाला काय बोलायचं ते बोला, आम्ही तुमच्या पाठीशी उभे राहू.

ह्यांनी विचारलं, "आणि घेणार कोण?"

तो म्हणाला, "बाजारात कोण घेतं, ते कुणी बघतं का?"

"लालमहंमद घेतोय. तुझ्या बँकेत खातं आहे त्याचं."

सुरेंद्र म्हणाला, "त्याला आपण सांगितलं नव्हतं घे म्हणून."

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा दोघंही जमिनीकडे बघत होते. ह्यांनी मान हलवली. "मला जमायचं नाही, सुरेंद्र." तेव्हा तो उठला. कपाला हात लावला नाही. चेहऱ्यावर राग नव्हता, हेच मला जास्त लागलं. म्हणाला, "मग हे लग्न होईल असं मला वाटत नाही. घरचे मागे लागलेत म्हणून नाही सांगत, मलाच वाटत नाही. जो माणूस घरच्यांचं बघत नाही, त्याच्या घरातली मुलगी मी कशी करू?" मला वाकून नमस्कार केला आणि गेला.

मी रडायला लागले. तू आलीस की सगळं सांगते म्हणाले. ह्यांनी माझा हात धरला. "सांगू नकोस. उद्या मी बोललो की सगळे माझ्यावर तुटून पडतील, तीही रागावेल. रागावू दे. बापावरचा राग जातो कुठे? आज ना उद्या परत येते. पण त्या मुलाने स्वतःच्या तोंडाने काय मागितलं, हे तिला कळलं, तर पुन्हा कुणावर विश्वास टाकायला ती घाबरेल. एवढ्या लहान वयात तिच्यावर ते नको." मी शब्द दिला. तू पुण्याहून आलीस, अंजिरी रंगाची साडी अंगावर धरून दाखवलीस, आणि ह्यांनी तुझं कौतुक केलं. त्यांना ते कसं जमलं, मला अजून कळत नाही. मग तुझ्या बोलण्याचा बाण त्यांनी तीन वर्षं तसाच छातीत ठेवला आणि मी तो बघत राहिले.

आता हे आज का लिहिते आहे, ते सांगते. तुळशीचं लग्न झालं आणि परवा मारुतराव पेढे घेऊन आपल्याकडे आले. बरोबर सुरेंद्र होता. भाव चढतोय, पडून राहिलेल्या कागदांना पुन्हा किंमत आलीय, त्यामुळे म्हातारा खुशीत होता. जिन्यात दत्तोबांनीही ह्यांना हाक मारली. मारुतराव म्हणाले, "तवा समद्यांचीच डोस्की तापली हुती. तुमचं बी काय चुकलं न्हाई. पोरानं आजून लगीन क्येलं न्हाई, चित्राची वाट बघतंय. इचारा तिला." सुरेंद्रने मान खाली घातली होती आणि मला तो थकलेला दिसला, खोटं कशाला सांगू. ह्यांनी एवढंच उत्तर दिलं, "चित्रा आता मोठी आहे. तिलाच विचारा." येत्या रविवारी सुरेंद्र तुला भेटायला सांगलीला येतोय. ते गेल्यावर हे मला म्हणाले, "तू तिला काही लिहू नकोस. तिच्या मनात अजून असेल तर होऊ दे. तीन वर्षांत माणूस बदलतो." असेल बदलला. नसेलही. ते मला ओळखता येत नाही आणि तुझ्या वतीने ठरवायचा मला अधिकारही नाही. तू हो म्हटलंस तर मी हसतमुखाने अक्षता टाकीन, हे मनापासून लिहिते. पण तो समोर बसून जे सांगेल ते ऐकताना, त्या रविवारी तो काय बोलून गेला ते तुला ठाऊक असायला हवं. त्यालाच विचार, तो काय सांगतो बघ. ह्यांना दिलेला शब्द मी आज मोडते आहे, आणि संध्याकाळी ते आले की तसं त्यांना सांगणार आहे. पत्र मात्र त्याआधी पेटीत पडलेलं असेल.

तुझीच,
आई